गटिंग

धोबी तलावच्या मागे, जिन्याखाली,
खोकं म्हणावं एवढं इनास परेराचं दुकान.
वर आमची खोली.
माझी शाळा, आजारपणं, परीक्षा, सगळं
खालून येणाऱ्या एका आवाजावर झालं:
रॅकेटच्या चौकटीत नायलॉन ओढला जाताना
जो बारीक कण्हतो, तो.

तार ताणून इनास तिला नख मारायचा,
कान तिरका करून सूर ऐकायचा.
"चोवीस पौंड. अजून एक दिला तर तुटेल."
आणि एक द्यायचाच.

परवा गेले तर म्हणाला,
"काय करते गो तू, तिकडे कुलाब्याला?"
म्हटलं, सूर्यावरचे भडके बघते.
म्हणजे भडका नाही. त्यातून आलेल्या क्ष-किरणांचा आलेख,
मैलभर सपाट, आणि मध्येच
कुणीतरी टाचणी उभी रोवावी तशी रेघ.
कुणीतरी तिथे इलेक्ट्रॉनला फार जोरात मारलेलं असतं.
"कोण मारतं?"
तेच बघते.

मग त्याच्याच रिळातल्या दोन तारा घेतल्या.
या समज चुंबकीय रेषा,
सूर्याच्या पोटातून कमानीसारख्या वर आलेल्या.
एकीचं तोंड इकडे, दुसरीचं बरोब्बर उलट.
दाबत दाबत जवळ येतात,
मधे फट उरते न उरते
आणि तुटतात.
तुटलेली टोकं जुन्या घरी जात नाहीत,
शेजारणीच्या टोकाला गाठ मारतात.
आता ही नवी तार वाकडी, अंगात ताण मात्र जुनाच.
ती आक्रसते, आणि आत अडकलेला इलेक्ट्रॉन...

इनासने मला पुढे बोलू दिलं नाही.
रबर सुटलेली टेबल टेनिसची बॅट काढली,
फळीवर चेंडू सोडला, बॅट वर धरली
आणि सावकाश खाली आणत गेला.

टक्.
टक्.
टक टक
टकटक टकटकटटटर्र

"असं?"

असंच, इनास. असंच.
भिंती जवळ येतात,
दर टप्प्याला थोडा वेग उसना मिळतो,
तो फेडायच्या आत पुढचा टप्पा.
शेवटी प्रकाशाच्या निम्म्या वेगाने
गिरक्या घेत तो कमानीच्या पायथ्याशी आदळतो
आणि त्या आदळण्याची बातमी
आठ मिनिटांनी आपल्याकडे येते.
इथून चालत मरीन लाइन्सच्या कठड्याला जायला
तुला लागतात तेवढी.
"मला आता पंधरा लागतात," तो म्हणाला.

खरं तेही सांगून टाकलं.
या रेषा कुणी पाहिलेल्या नाहीत.
हिशेबापुरत्या आम्ही काढतो कागदावर.
त्याने उजवी तर्जनी पुढे केली,
पेरावर पांढरा, तिरका, जुना व्रण.
"मी पाहिलीय."

मग सहज विचारल्यासारखं,
"एका सेकंदात असे किती सुटतात?"
मोठा भडका असेल तर एकावर छत्तीस शून्यं.
बिलबुकाच्या पाठीवर तो शून्यं काढत बसला,
बाविसाव्याला कागद संपला.
पेन्सिल कानावर ठेवली,
आणि चाळीस वर्षं गल्ला सांभाळलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाला,
"एवढा माल सेकंदाला जातो, तर गोदाम रिकामं नाही होत?
भरतं कोण?"

माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण इथेच अडलंय.
'खालून तितकेच वर परत येत असावेत', असं लिहिलंय मी.
'असावेत'खाली सरांनी लाल रेघ मारलीय,
दोनदा.

मी गप्प.
इनास ओणवा होऊन चेंडू शोधत होता,
कपाटाखाली गेलेला.
मोडक्या रॅकेटच्या दांड्याने त्याने अंधार ढवळला.
आत गेला होता एक,
बाहेर आले तीन.
धुळीचे, पिवळट, कुठल्या सालातले कोण जाणे.
एकाला पोचा पडलेला.

तो त्याने स्टोव्हवरच्या उकळत्या पाण्यात टाकला,
चहा मागे ठेवला.
आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
आतली हवा
पोचा बाहेर ढकलते का ते.